मुकादमिणीचा रबरी वाडगा

मी एक जुना वाडगा आहे, मित्रांनो, आणि तोही रबराचा. पितळेच्या भांड्यांसारखी ऐट मला नाही आणि काचेच्या भांड्यांसारखा नखराही नाही. मला जमिनीवर आपटलंत तर मी वाजत नाही, फुटत नाही. एकदा उडतो आणि गप्प बसतो. एकेकाळी मी हिरवागार होतो. आता माझा रंग कसा झालाय हे सांगायचा मला संकोच वाटतो, म्हणून ते राहू द्या. पण गप्प बसणाऱ्याला बरंच काही दिसतं. मी जे पाहिलं ते आज सांगणार आहे. त्यातलं थोडं भीती वाटण्यासारखं आहे. ज्यांना भीती वाटेल त्यांनी एकमेकांना खेटून बसावं. मी मात्र मध्ये थांबणार नाही.

माझा जन्म एका लोखंडी साच्यात झाला. कढत, चिकट रबर साच्यात दाबलं गेलं, वाफ निघाली, साचा उघडला आणि मी बाहेर आलो. माझ्यासारखेच माझे पुष्कळ भाऊ होते. आम्हाला एकात एक बसवून खोक्यात भरलं. तिथे काळोख होता आणि आम्हा सगळ्यांचा एकच वास येत होता. पुढे खोकं उघडलं, एका माणसाने मला बाहेर काढून तळव्यात धरलं, दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाला, "हा हातात बसतो." मला तेव्हा फार बरं वाटलं. आयुष्यातली पहिली शाबासकी कोण विसरतं?

तो माणूस कवळ्या बनवायचा. ज्यांचे दात पडून गेलेले असतात त्यांच्यासाठी जे खोटे दात बनवतात, त्यांना कवळी म्हणतात. घराच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती, तोच त्याचा कारखाना. खिडकीखाली कामाचं टेबल, टेबलावर मेण वितळवायची छोटी शेगडी, भिंतीला कानशी टांगलेल्या आणि त्याच्या बसण्याची एक लाकडी खुर्ची. माझ्या पोटात प्लॅस्टरची पूड आणि पाणी पडायचं. मग तो चपट्या सुरीने ते भराभर घोटायचा. बुडबुडा राहता कामा नये आणि वेळही लागता कामा नये, कारण प्लॅस्टर कुणासाठी थांबत नाही. घट्ट होताना ते गरम व्हायचं आणि माझं पोट उबदार व्हायचं. उरलेलं प्लॅस्टर वाळलं की तो मला चुरगळायचा, तडतड आवाज करत खपल्या बाहेर पडायच्या आणि मला भयंकर गुदगुल्या व्हायच्या.

त्या प्लॅस्टरचे जबडे व्हायचे. माणसांच्या तोंडाचे हुबेहूब जबडे, वरचे आणि खालचे. काम झालं तरी तो ते टाकून देत नसे. खोलीच्या तीन भिंतींना फळ्या होत्या आणि त्यांवर नुसते जबडेच जबडे. हा शाळेतल्या बाईंचा, हा घड्याळजीचा, हा जाड्या न्हाव्याचा. त्यातली कित्येक माणसं केव्हाच वारली होती, पण त्यांची तोंडं फळीवर तशीच बसलेली असायची. ओठ नाहीत, गाल नाहीत, तरी हसल्यासारखी. तो त्यांच्यावरची धूळ झटकायचा आणि त्यांच्याशी बोलायचासुद्धा. "काय घड्याळजी, बरं आहे ना?" असं म्हणायचा. दिवस कलला की खिडकीतून येणारा उजेड त्या दातांवरून सरकत जायचा, आणि क्षणभर वाटायचं की आता कुणीतरी उत्तर देणार.

त्याची एक सवय होती. तयार कवळी तो एका बिजागरीच्या पितळी सांगाड्यात बसवायचा, डोळे मिटायचा आणि वरचे दात खालच्या दातांवर हलकेच आपटायचा. कट. कट-कट. दोन्ही बाजू एकदम टेकल्या तर आवाज एकच येतो. एक बाजू आधी लागली तर आवाज फाटतो. आवाज फाटला की तो पुन्हा कानस घ्यायचा. त्याची लेक हे काम त्याच्याच हाताखाली शिकली. तिला तो म्हणायचा, "डोळ्यांनी बघू नकोस गं, डोळे फसवतात. ऐक."

घरात ही दोघं आणि त्याची धाकटी बहीण, जिला लेक आत्या म्हणायची. आत्याच्या तोंडातही भावानेच बनवलेली कवळी होती आणि त्याचा तिला केवढा अभिमान! "माझ्या दादाने बनवलीय," असं ती पाहुण्यांना सांगायची. काही वेळा काढूनही दाखवायची, मग पाहुणे चहा अर्धाच ठेवायचे.

चौथी होती एक काळी-पांढरी मांजरी. एका दुपारी ती खिडकीतून आत आली, टेबलावर चढली आणि त्याचं काम बघत बसली. रोज यायची, रोज बघायची, आणि त्याने हात थांबवला की शेपटी आपटायची. म्हणून त्याने तिचं नाव मुकादमीण ठेवलं. माझ्या काठाला चीर पडली आणि प्लॅस्टर घोटायला मी निकामी झालो, तेव्हा मला वाटलं, आता आपण कचऱ्यात जाणार. पण त्याने मला घासून, उन्हात वाळवून मुकादमिणीपुढे ठेवलं. "हा वाजत नाही की सरकत नाही. बाईसाहेबांना आवडेल," असं तो म्हणाला. आणि खरंच आवडलो मी तिला. ती उकडलेली मासळी खायची, मांजरांच्या खाण्याचे कोरडे दाणे कुडकुड चावायची, आणि शेवटी खरखरीत जिभेने मला असं चाटायची की धुवायची गरजच राहायची नाही. प्लॅस्टरपेक्षा हे काम मला जास्त मानवलं.

मग एका दुपारी तो खुर्चीत बसल्या बसल्या वारला. हातात कानस तशीच होती. लेक जेवायला बोलवायला आली, तिने दोन हाका मारल्या, मग जवळ जाऊन खांद्याला हात लावला. तिने जी किंकाळी फोडली ती मी पुन्हा कधी ऐकू इच्छित नाही.

त्यानंतर घर शांत झालं. लेक काम करायची, पण उभ्याने. त्या खुर्चीवर कुणी बसत नव्हतं. आणि याच सुमारास मुकादमिणीचं वागणं बदललं.

मित्रांनो, हे नीट ऐका. वास आला की ती पूर्वीसारखीच धावत यायची. माझ्यापाशी थांबायची, वाकायची, एक घास तोंडात घ्यायची. आणि मग एकदम डोकं झटकायची, जणू कुणीतरी तिच्या तोंडावर मारलं. मागे सरायची. कान पाडून, डोळे मोठे करून माझ्याकडे बघायची आणि फिसकारायची. माझ्याकडे! मग पंजा गालावरून ओढायची, पुन्हा पुन्हा, जणू चेहऱ्याला काहीतरी चिकटलंय आणि ते निघत नाहीये. आणि पळून जायची. थोड्या वेळाने परत यायची, वास घ्यायची, माझ्या काठावरून आत डोकावून बघायची आणि न खाता निघून जायची.

मला भीती वाटू लागली. मी रिकामा असलो की विचार करायचो, माझ्यात काय आहे? ही माझ्यात काय बघते? ज्या हातांनी माझ्यात इतकी वर्षं प्लॅस्टर घोटलं ते हात आता नाहीत. त्यांचं काही माझ्यात राहिलं असेल का? रबराला अंगावर काटा येत नाही, नाहीतर तेव्हा आला असता.

एकदा माझ्या तळाशी एक लाल थेंब पडला. तो मासळीच्या पाण्यात पसरला आणि नाहीसा झाला. दुसऱ्या कुणी तो पाहिला नाही.

आत्याला आधी वाटलं, दुःख आहे. जनावराला कळतं, मालक गेला की ते खात नाही. शेजारणीही हेच म्हणाल्या. पण मग दुसरी लक्षणं दिसू लागली. खुर्चीच्या पायाशी सकाळी मासळीचे तुकडे सापडायचे, तोंडात धरून आणलेले आणि न चावता टाकलेले. माझ्यापासून खुर्चीपर्यंत फरशीवर ओल्या थेंबांची रांग असायची. त्या कोपऱ्याला एक वास येऊ लागला. काहीतरी सडल्यासारखा, गोडसर. लेकीने फरशी फिनाईलने पुसली, खिडकी उघडी टाकली, तरी वास हलला नाही. आणि मुकादमीण खुर्चीखाली बसून मान वाकडी करायची, एका बाजूला, जणू कुणी तिच्या कानामागे खाजवतंय.

"मला विचारशील तर," आत्या म्हणाली, "ती त्याला खायला नेऊन देते. आपल्या तोंडचा घास काढून देते."

"आत्या, काहीतरीच काय बोलतेस!"

"मग वाडग्यावर का फिसकारते? खाली वाकली की समोर दादा दिसत असेल तिला. त्याच्या वापरातला होता ना तो वाडगा."

लेक हसली, पण मनापासून नाही. दुसऱ्या दिवशी आत्याने मला उचललं आणि जबड्यांच्या फळीवर, अगदी वर, नेऊन ठेवलं. एका बाजूला शाळेतल्या बाई, दुसऱ्या बाजूला घड्याळजी, मध्ये मी. अपमान तर झालाच होता, पण शेजारही काही बोलका नव्हता. खाली मुकादमिणीला नवी कोरी स्टीलची ताटली मिळाली. ती ताटलीकडे धावत आली, वाकली, एक घास घेतला, डोकं झटकलं आणि ताटलीवर फिसकारली. म्हणजे दोष माझा नव्हता. मला हायसं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण ती आता फार वाळली होती. वरून तिच्या पाठीचे मणके मोजता आले असते. अंगाची निगा राखणं तिने सोडलं होतं, केस चिकटून त्यांच्या गाठी झाल्या होत्या.

आणि मग तो आवाज आला.

तिन्हीसांजेची वेळ होती. लेकीने कारखान्यातला दिवा घालवून दार ओढून घेतलं होतं. पलीकडे स्वयंपाकघरात दोघी बसल्या होत्या. खोलीत मी, जबडे आणि अंधारात कुठेतरी मुकादमीण. कट. मी कान टवकारले, म्हणजे टवकारले असते. कट-कट. कट-कट-कट. दातांवर दात.

दार उघडलं. लेकीने दिवा लावला. टेबलावर पितळी सांगाडा फडक्याखाली झाकलेला होता, जसाच्या तसा. आत्या उंबऱ्यातच उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ऐकलंस?" ती पुटपुटली. "दादा कवळीचा चावा बघतोय."

लेक त्या फडक्याकडे बघत होती. तिने पण ऐकलं होतं.

त्यानंतर बहुतेक रोज, उजेड मंदावला की, तो आवाज यायचा. दिवा लावला की थांबायचा. आता मी सांगतो ते तुम्हाला विचित्र वाटेल. लेकीला भीती वाटायची बंद झाली. उलट ती त्या आवाजाची वाट बघू लागली. संध्याकाळ झाली की हातातलं काम लवकर आवरायची, दिवा घालवायची आणि दाराला पाठ टेकून पलीकडे बसायची. तिला तो आवाज हवा होता. बाप अचानक गेला होता, काही बोलणं झालं नव्हतं, आणि आता तो अंधारात रोज येऊन आपलं काम करतोय असं वाटलं तर कुणाला ते संपावंसं वाटेल? मला तिचा राग येत नव्हता. पण मुकादमीण उपाशी मरायला टेकली होती आणि घरातली माणसं आवाज ऐकत बसली होती.

एके दिवशी लेक म्हणाली, "डॉक्टरांकडे नेऊया का हिला?"

"कशाला?" आत्याचे डोळे भरून आले. "ओढून ठेवू नकोस पोरी. तो तिला न्यायला आलाय. शांतपणे जाऊ दे त्याच्यासोबत."

 लेकीने मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला, पण तिला न्यायची टोपली आणायला ती उठली नाही.

आणि मला खरं काय ते माहीत होतं! मी तिचा वाडगा होतो, मित्रांनो. माणसं मांजराला वरून बघतात, पाठ बघतात, शेपटी बघतात. मी तिला खालून बघत आलो होतो. ती वाकून तोंड उघडायची तेव्हा मला तिच्या डाव्या गालाच्या आतलं सगळं दिसायचं. हिरडी लालभडक सुजलेली. तिथल्या एका दाताच्या बुडाशी खड्डा पडलेला, आणि त्या खड्ड्यात मांस शिरल्यासारखं गुलाबी काहीतरी. घास तिथे लागला की तिचं अख्खं अंग दचकायचं. मी हे रोज पाहिलं होतं. सांगणार कसं? मी तर आपटलो तरी वाजत नाही. त्या फळीवर बसून मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण पितळेचे असतो तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी लेक दाराबाहेर बसली नाही. ती आत आली. दिवा न लावता टेबलाला पाठ टेकून फरशीवर बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा?"

खोली शांत होती. खिडकीतला उजेड विझत आला होता. माझ्या दोन्ही बाजूंचे दात राखाडी दिसत होते.

"बाबा, मी आहे."

कट, असा आवाज आला. मग कट-कट-कट, अगदी जवळून. लेकीने डोळे मिटले. तिच्या ओठांवर हसू आलं आणि गालावरून पाणी ओघळलं. ती ऐकत राहिली. आणि ऐकता ऐकता तिचं हसू मावळलं. तिने मान तिरकी केली. कपाळाला आठी पडली. हा तोच चेहरा होता, जो काम तपासताना व्हायचा.

"नाही," ती म्हणाली. "हे असं नाही."

पुन्हा आवाज आला. कट-ट. कट-ट-ट.

"एक बाजू आधी लागतेय. फाटतोय आवाज." तिने डोळे उघडले. "बाबा असा चावा कधीच सोडणार नाहीत."

ती फरशीवर आडवी झाली आणि तिने खुर्चीखाली पाहिलं. तिथे मुकादमीण बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, मान वाकडी, तोंडातून लाळेची तार लोंबतेय आणि खालचा जबडा थरथरतोय. आपोआप, न थांबता. तिचे दात तिच्याच दातांवर आपटत होते. कट-ट. कट-ट-ट.

लेक तशीच पडून राहिली. मला वरून तिचा चेहरा दिसत होता. तिला जणू तेव्हाच, त्याच क्षणी कळलं होतं की आपले वडील वारले. मला तिची फार दया आली. मग ती उठली आणि तिने खुर्चीखाली हात घालून मांजरीला बाहेर काढलं. इतकी हलकी होती ती की लेकीचा हात आपसूक वर गेला. दिवा लावून लेकीने अंगठ्याने तिचा वरचा ओठ जरासा उचलला, आणि मुकादमीण माणसासारखी किंचाळली. आत्या पळत आली.

"काय झालं? काय दिसलं तुला?"

"दात!" लेक ओरडली. ती रडत होती आणि संतापली होती, स्वतःवरच. "हिचा दात दुखतोय, आत्या! किती दिवस! दातांवर जगणारं घर आपलं. गावभर लोकांची तोंडं बघत फिरतो, आणि हिच्या तोंडात एकदा बोट घातलं नाही आपण!"

"मांजराचा दात?" आत्या म्हणाली. "अगं, पण तो आवाज..."

"हाच तो आवाज."

 मला वाटलं, आता आत्याला सुटल्यासारखं वाटेल. पण ती म्हातारी बाई तोंडात पदर धरून रडू लागली. तीही त्या आवाजाला भाऊ समजून बसली होती ना.

सकाळी लेकीने प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. ऑपरेशनसाठी ठेवून घ्यावं लागलं तर मांजराच्या ओळखीचं भांडं बरोबर आणा, असं त्यांनी सांगितलं, म्हणून माझी फळीवरून सुटका झाली. टोपलीत मुकादमिणीशेजारी मी होतो. माझ्या काठाला नाक टेकून ती पडून होती. तिच्या तोंडाचा तो वास आता मला घाण वाटला नाही.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या होत्या आणि त्यांच्या बाहीला कुत्र्याचे केस चिकटलेले होते. त्यांनी तोंडावर उजेड पाडून पाहिलं आणि जिभेने 'च्यक' केलं.

"दात विरघळतोय हिचा. मुळाकडून. मांजरांमध्ये पुष्कळदा होतं हे आणि कशामुळे होतं ते अजून नीट कळलेलं नाही. वरून दात जागेवर दिसतो, आत नस उघडी पडलेली असते. काढावा लागेल."

"आम्हाला वाटलं भूक गेलीय," लेक म्हणाली. "बाबा गेले म्हणून."

"भूक कुठे गेलीय? भूक होती म्हणून तर धावत येत होती. खाल्लं की कळ यायची, म्हणून पळायची. फिसकारायची का खाण्यावर?"

"खाण्यावर, वाडग्यावर."

"मग बरोबर. तिला वाटत असणार वाडगाच चावतो."

मला दात नाहीत, मित्रांनो. हा आरोप मी आजही विसरलेलो नाही.

मग डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "उशीर केलात. मांजर असं उपाशी राहिलं की त्याचं यकृत बिघडतं. आधी सलाईन लावते, रक्त तपासते. भूल सोसेल इतकी ताकद हवी हिच्यात. खात्री देत नाही."

लेकीने मान हलवली. आत्या कोपऱ्यात देवाचं नाव घेत उभी होती. मला एका लोखंडी कपाटावर ठेवलं होतं आणि तिथून पिंजऱ्यातलं काळं-पांढरं गाठोडं दिसत होतं, हलत नव्हतं. त्या खोलीत सगळं स्वच्छ, पांढरं होतं, दिवे लखलखीत होते. आणि तरी मला सांगावंसं वाटतं की आमच्या त्या अंधाऱ्या कारखान्यात वाटली नव्हती इतकी भीती मला तिथे वाटली.

मुकादमिणीने भूल सोसली. डॉक्टरीणबाईंनी काढलेला दात कापसावर ठेवून दाखवला. एक नव्हे, दोन होते. दुसरा पलीकडच्या बाजूला नुकता बिघडू लागला होता. लेकीने तो पहिला दात चिमटीत धरून उजेडात फिरवला.  दाताला मूळ असं राहिलंच नव्हतं, कुरतडल्यासारखं झालं होतं.

"मी दात बनवते," ती कसंबसं म्हणाली. "हिला काही..."

"नको नको," डॉक्टरीणबाई हसल्या. "कवळी घालून मिरवायची नाही तिला. सगळे दात काढले तरी मांजरं मजेत खातात. दुखायचं थांबलं की झालं."

घरी आल्यावर काही एकदम सगळं गोड झालं नाही. मला कोपऱ्यात ठेवलं, माझ्यात मऊ कुस्करलेली कोमट मासळी घातली. मुकादमीण आली, थांबली, कान पाडले. दुखणं गेलं होतं, पण भीती गेली नव्हती. ती मागे फिरली. लेक फरशीवर बसून राहिली. तिने बोटावर थोडं घेतलं आणि पुढे केलं. मांजरीने बोट चाटलं आणि दचकायची तयारी करून थांबली. कळ आली नाही. तिने पुन्हा चाटलं. असे दोन-चार दिवस ती बोटावरचंच खात होती, आणि मग एका सकाळी तिने माझ्यात तोंड घातलं ते तळ दिसेपर्यंत काढलं नाही. ती खरखरीत जीभ माझ्या चिरेपर्यंत फिरली तेव्हा मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही.

संध्याकाळ झाली की खोलीत आता काही वाजत नव्हतं. लेक कधीकधी दिवा लावायला उशीर करायची आणि उभी राहून ऐकायची. फळीवरची तोंडं गप्प असायची. तिला ते सोपं गेलं नाही.

एका दुपारी मी भरलेला होतो, मुकादमीण लपलप करत खात होती, आणि तिच्यावर नजर ठेवायला म्हणून दोघी कारखान्यातच, कामाच्या टेबलापाशी स्टुलं ओढून जेवायला बसल्या होत्या. आत्याने ताट बाजूला सारलं.

"का गं?"

"भूक नाही."

लेकीचा हात घास घेता घेता थांबला. तिने मुकादमिणीकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं. आत्याचे गाल बसले होते. तिच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. हे सगळं समोरच होतं, मित्रांनो, आणि आम्ही सगळे मांजराकडे बघत होतो.

"आत्या, तोंड उघड."

"काहीतरीच! मी काय मांजर आहे?"

"उघड म्हणते ना."

आत्याने खूप आढेवेढे घेतले. मग तोंड फिरवून तिने खालची कवळी काढली आणि टेबलावर ठेवली. हिरडीवर केवढी तरी जखम होती.

"अगं, हे केव्हापासून? सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू कानस लावली असतीस." दातांशिवाय आत्याचा आवाज लहान मुलीसारखा येत होता. "हिरड्या झिजतात, मग कवळी घासते, मला माहीत नाही का? पण त्याच्या हातचं आहे ते. त्यातलं थोडंसुद्धा घासून जावं असं मला वाटत नाही गं. तो आवाज यायचा ना, तेव्हा मला वाटायचं, येईल एक दिवस आणि तोच नीट करून देईल."

 लेक उठली, बापाची कानस भिंतीवरून काढली, आणि तो गेल्यापासून पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसली. तिने हात पुढे केला. आत्याने कवळी उचलली, थोडी छातीशी धरली आणि मग त्या हातावर ठेवली.

मित्रांनो, माझी चीर आता बरीच वाढली आहे आणि मी फार दिवस टिकेन असं वाटत नाही. म्हणून एवढं सांगून ठेवतो. तुमच्या घरात कुणी ताटाशी येऊन तसंच मागे फिरलं, मग ते चार पायांचं असो की दोन, तर 'भूक नसेल' म्हणून ताट उचलू नका. ते दुःखात आहे, ते चिडलंय, त्याला काहीतरी दिसतंय, असं ठरवायच्या आधी त्याला उजेडात घ्या आणि तोंड बघा. मी बघत होतो, रोज, खालून, आणि मला हाक मारता येत नव्हती. तुम्हाला येते.